कोंडलेला हंस

उम्म सबरीचा हंस अंगणात कुणालाच उभं राहू देत नसे. कोंबड्यांचे दाणे तोच खाई, बदकांना टाकीत उतरू देईना, माणूस दिसलं की पोटरीच धरी. "त्याच्या भीतीनं पोरं खाली येत नाहीत, अम्मा," वरच्या मजल्यावर राहणारा तिचा मुलगा सबरी सांगायचा. पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी तिनं धापा टाकत हंसाला खजुरीच्या काड्यांच्या पिंजऱ्यात कोंडलं. बदकं कधी नव्हे ती पाण्यात उतरली. तिनं अंगणात चटई अंथरली, सगळ्यांच्या ताटल्या मांडल्या. अजानच्या जरा आधी जिन्यावर पावलं वाजली. "आम्ही हिच्या माहेरी चाललोय, अम्मा. तू जेवून घे." नातवंडं पिंजऱ्याला वाकुल्या दाखवत निघून गेली. अजान झाली. एका खजुरावर रोजा सोडून तिनं सावकाश उठून पिंजऱ्याचं दार उघडलं. "ये रे बाबा. तुझ्यामुळे येत नाहीत, असं म्हणता तरी येतं."