करणसिंगदादांवर अविश्वास

ग्रामपंचायतीच्या सभेत तहसीलदार संध्या वसावे यांनी अविश्वास प्रस्ताव उलटून-पालटून पाहिला. आठही सदस्यांच्या सह्या होत्या, पण कारणाची जागा कोरी. "अहो, राष्ट्रपतींवर महाभियोग आणायचा तरी आरोप लेखी द्यावा लागतो. सरपंच करणसिंगदादांनी केलंय तरी काय?"

उपसरपंच सोनीबाई खाली बघत म्हणाली, "ते होळीला वारले, मॅडम."

"मग प्रस्ताव कशाला? पद आपोआप रिकामं झालं."

"खुर्ची नाही झाली. आमच्या डोंगरात बैठक सुरू करताना मेलेल्यांची नावं घेऊन मोहाच्या दारूचे दोन थेंब जमिनीवर सांडतात. दादांचं नाव घेतलं, तेव्हापासून ते त्या खुर्चीत येऊन बसतात. कायद्यानं काढलं तर जातील. जिवंतपणी कधी कायद्याबाहेर गेले नाहीत."

संध्याताईंना हसू आलं होतं, पण समोरचे चेहरे बघून त्यांनी ते गिळलं. बिचाऱ्यांची समजूत पटावी म्हणून मतदान घ्यायला काय जातंय?

"प्रस्तावाच्या बाजूनं कोण?"

आठही हात वर गेले.

"विरोधात?"

एकही सदस्य हलला नाही. संध्याताई बराच वेळ सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, 'विरोधात: एक.'