सव्वासातचे निरोप

नसीम रेडिओ छातीशी धरून घरभर फिरत होती. मीटरच्या फळीजवळ गेलं की खरखर वाढायची, ट्यूबलाइटखाली तर नुसती शिट्टी. तिनं ट्यूब बंद केली. मग पलंगापाशी जाऊन पाहिलं, मग स्टोव्हपाशी, मग दाराच्या उंबऱ्यावर. साडेसहा वाजून गेले होते. पाऊण तासही उरला नव्हता.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं त्याला महिना झाला होता. तिचा नवरा शकील तिथं वेल्डर होता. पत्र नाही, तार नाही. तिथून निघालेली हजारो माणसं जॉर्डनच्या वाळवंटात तंबूंत पडून होती, आणि एक परदेशी केंद्र रोज सव्वासातला, उर्दू बातम्या संपल्या की, त्यांचे निरोप वाचून दाखवायचं. निवेदिका नाव सांगायची, गाव सांगायची, एखाद-दुसरी ओळ वाचायची. दुसऱ्या दिवशी तेच निरोप एकदा पुन्हा, की संपलं.

काल त्या सगळ्या खरखरीतून एवढंच धड आलं होतं. धुलिया. आणि मागोमाग, "वालिदा... को मालूम हो, मैं ख़ैरियत से हूँ." आधीचं नाव-गाव आणि 'वालिदा'नंतरचं आईचं नाव बुडून गेलं होतं. सासू अमिनाबीनं तेवढ्यावर शुक्रान्याची नमाज पढली. धुळ्याहून कुवेतला दुसरं कोण गेलंय, असं ती म्हणाली. नसीमला मात्र नाव ऐकायचं होतं. सकाळी उठल्याबरोबर ती आग्रा रोडवर गेली आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पुना मिस्तरीला घेऊनच आली.

पुनानं रेडिओ उघडलाच नाही. त्यानं नुसता कान लावला, वर पत्र्याकडे पाहिलं, भिंतीपलीकडे खडखडणाऱ्या यंत्रमागांकडे पाहिलं.

"भाभी, रेडिओ चांगला शे," तो म्हणाला. "घर खराब शे."

पत्रा लहरी अडवतो आणि विजेची उपकरणं त्यात कचरा मिसळतात, असं त्यानं समजावलं. मग तांब्याची तार पत्र्यापासून चांगली उंच, गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत ताणली. दुसरी एक तार मोरीतल्या नळाच्या पाइपाला गुंडाळली. रेडिओ लाइटवर नाही, सेलवर लावायचा आणि जिथं खरखर कमी तिथं ठेवायचा. ती जागा फिरून शोधावी लागेल. पण पलीकडच्या बारा मोटरींवर आपल्यापाशी इलाज नाही, हेही तो जाताना सांगून गेला.

जागा सापडली ती मोरीतच. नसीमनं बादली पालथी घातली, तिच्यावर रेडिओ ठेवला आणि दोन्ही तारा जोडल्या. केंद्र जवळ आल्यासारखं वाटलं, पण त्याच्यावर मोटरींची घरघर तशीच होती. तिनं घड्याळ पाहिलं, डोक्यावर पदर ओढला आणि शेजारच्या कारखान्यात गेली.

कारखाना सरदारचा. शकील त्याच्या मागावर आठ वर्षं होता आणि त्याला न सांगता कुवेतला निघून गेला होता. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. माग थोडा वेळ बंद ठेवा, हे त्या खडखडाटात नसीमला ओरडूनच सांगावं लागलं. किती वेळ, एवढंच सरदारनं विचारलं. पंधरा मिनिटं, ती म्हणाली. तो हातातला धोटा मागात बसवून पुढच्या मागाकडे वळला. ती परत आली.

सात वाजून दहा मिनिटांनी एक माग थांबला. मग दुसरा. मग पाठोपाठ सगळे. त्या गल्लीत दिवसा-उजेडी किंवा संध्याकाळी अशी शांतता कधी नसायची. बाया दाराबाहेर येऊन बघू लागल्या. हाताला कापसाचं तूस लागलेले कारागीर नसीमच्या दारापाशी येऊन उभे राहिले. सरदारही आला, पण मागे थांबला.

निवेदिका मोरीत बसून बोलत असावी इतकी स्पष्ट ऐकू येत होती. आझमगडचा एक. मलप्पुरमचे दोघे भाऊ. हैदराबादचा एक. अमिनाबीनं नसीमचं मनगट धरलं.

"सुकदेव लोटन, दोंडाईचा, ज़िला धुलिया. वालिदा सुगंधाबाई को मालूम हो, मैं ख़ैरियत से हूँ."

त्यानंतर आजचे नवे निरोप आले. त्यांत शकील नव्हता. दारातले कारागीर निघून गेले आणि थोड्या वेळानं माग सुरू झाले. नसीम मोरीच्या कठड्यावर तशीच बसून राहिली. काल ऐकू आलं नव्हतं तेच बरं होतं, असं तिला वाटत होतं.

"नाव लिहून घेतलंस?" अमिनाबीनं विचारलं.

नसीमनं मान हलवली. नाही.

"लिही. विसरशील. त्या बाईकडे रेडिओ असेल-नसेल. सकाळच्या गाडीनं जा, आणि सव्वासातच्या आत परत ये."

दोंडाईच्याला स्टेशनमागच्या वस्तीत सुगंधाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. ती ओट्यावर लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती. नसीमनं तिथं उभ्या उभ्याच निरोप सांगितला. बाईनं पुन्हा सांगायला लावला. नसीमनं पुन्हा सांगितला, रेडिओवर आला तसाच, शब्द न शब्द.

सुगंधाबाईनं लुगड्याला हात पुसले आणि तिला ओढून जवळ बसवून घेऊन लेकाबद्दल विचारलं.

"त्याना आवाज कसा व्हता, माय?"

नसीमला निवेदिकेचा आवाज आठवला. स्वच्छ, सावकाश, कुणा परक्या बाईचा.

"चांगला व्हता, अक्का," ती म्हणाली. "खणखणीत."