घट्ट टाके

थोरल्याने पडदा बाजूला सारला, तर डॉक्टर त्याच्या धाकट्या भावाचं पोट उघडत होते.

ऑपरेशन थिएटरात नाही. तिथेच, आयसीयूतल्या खाटेवर, भर दुपारी. कात्रीखाली टाके कटाकट तुटत होते. शेवटचे तुटले आणि आतडी उसळून वर आली, सुजलेली, काळपट लाल, पोटात मावेनाशी झालेली. पिवळट पाणी चादरीवरून ओघळून थोरल्याच्या पायांपर्यंत आलं.

थोरला टायरच्या दुकानात कामाला होता. ट्रकच्या चाकांचे गंजलेले नट सोडवणाऱ्या त्या हाताने त्याने डॉक्टरांच्या तोंडावर ठोसा मारला.

"शिवलेलं पोट फाडतोस? हलकटा, परत हात लावणार नाही म्हणाला होतास!"

मास्कखाली काहीतरी कडकन मोडलं. डॉक्टर हेलपाटले, पण पडले नाहीत. दुसरा ठोसा कानशिलात बसला. मग थोरल्याने टोपीसकट केस धरून त्यांची मान मागे खेचली आणि गुडघ्याच्या मागे लाथ घातली. खाटेच्या पलीकडे पोटाच्या कडा धरून उभी असलेली शिकाऊ डॉक्टरीण किंचाळली. एक सिस्टर रखवालदाराला बोलवायला धावली. व्हेंटिलेटर केकाटत होता.

थोरल्याने आजवर मारामाऱ्या काही कमी केल्या नव्हत्या. मार बसला की माणूस आधी तोंडापुढे हात धरतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. हा बाबा हात वरच करेना. त्यामुळे त्याला जास्तच चेव आला. त्याने पुन्हा मूठ उगारली आणि तेव्हा कुठे त्याची नजर त्या हातांवर गेली.

दोन्ही हात धाकट्याच्या पोटावर होते. बाहेर आलेली आतडी खाली घसरू नयेत म्हणून डॉक्टरांनी ती दोन्ही पंजांनी कवटाळून धरली होती. एवढा मार खाऊनही बोटं जागची हलली नव्हती.

"मारायचं तर मार," डॉक्टर म्हणाले. तोंडात रक्त आल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "पण ढकलू नकोस. हे माझ्या हातून सुटलं, तर तुझा भाऊ गेला."

थोरल्याची मूठ तशीच हवेत राहिली. "पण तुम्ही तर चांगलं घट्ट शिवलं होतंत ना?"

"घट्ट शिवलं तेच भोवलं." डॉक्टरांनी रक्त गिळलं. "परवा मला हे पोट उघडंच ठेवायचं होतं. आतडं फुटून आत सगळा पू झाला होता, सूज चढणार हे दिसत होतं. तू बाहेर माझी कॉलर धरलीस. असा उघडा भाऊ आईला कसा दाखवू म्हणालास. आणि मी तुझं ऐकलं."

"मग आता…"

"आता आत दाब इतका चढलाय, की छातीला फुगायला जागा नाही आणि किडनीला रक्त नाही. सकाळपासून लघवीचा थेंब नाही. थिएटरपर्यंत नेता नेता गेला असता. तुला शोधायला माणूस पाठवला होता. फोन बंद तुझा."

थोरल्याचा फोन खिशात मरून पडला होता आणि तो स्वतः मागच्या जिन्यात भिंतीला टेकून झोपला होता. कॉलर धरल्याचं मात्र त्याला स्वच्छ आठवत होतं. किती रुबाबात धरली होती! बाहेर बसलेल्या आईनेही बघितलं होतं. त्याने उगारलेली मूठ खाली घेतली.

डॉक्टरांचा मास्क भिजून लाल झाला होता. हनुवटीशी एक थेंब जमून लोंबायला लागला. त्याच्या बरोबर खाली धाकट्याचं उघडं पोट होतं. डॉक्टरांनी मान बाजूला वळवली, पण मग त्यांना हातातलं दिसेना.

"नाक धर माझं," ते म्हणाले.

"काय?"

"माझे हात गुंतलेत, हिचेही गुंतलेत. त्या ट्रॉलीवरची पट्टी घे, मागून ये आणि नाक दाब. जोरात. बाकी कशाला हात लावायचा नाही."

थोरला मागे जाऊन उभा राहिला. एका हाताने त्याने डॉक्टरांचं कपाळ सांभाळलं, दुसऱ्या हातात पट्टी घेऊन नाक चिमटीत धरलं. मोडलेलं हाड बोटांखाली करकरलं. डॉक्टर विव्हळले, पण आतडी शिकाऊ डॉक्टरणीच्या हाती सोपवून ते कामाला लागले. सलाइनची रिकामी पिशवी उभी कापून, पसरून, ते ती पोटाच्या कडांना शिवत होते. आतडी त्या पारदर्शक पिशवीखाली हळूहळू झाकली जात होती. थोरल्याला बघवत नव्हतं आणि मान वळवायचीही सोय नव्हती.

सिस्टरच्या मागोमाग रखवालदार काठी घेऊन धापा टाकत आला. "साहेब, ह्याला बाहेर काढू?"

"आत्ता नको," डॉक्टर गेंगाण्या आवाजात म्हणाले. "त्याचा हात निघाला तर पंचाईत होईल."

व्हेंटिलेटरचं केकाटणं थांबलं होतं. खाटेखालच्या लघवीच्या पिशवीशी वाकलेली सिस्टर एकदम ताठ झाली.

"सर, लघवी आली."

नळीतून एक थेंब सरकत होता, चहासारखा गडद. त्याच्यामागून दुसरा आला.

थोरला ढसाढसा रडायला लागला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"डॉक्टर," बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "परत कधी शिवणार?"

डॉक्टरांना मान हलवता येईना. नाक अजून त्याच्याच चिमटीत होतं.

"तू सांगशील तेव्हा नाही."