झोळी थांबली तेव्हा

वजनाच्या झोळीत घातलं की लेकरू किंचाळतं, हा अंगणवाडीतला नियमच. सकाळपासून एकेक पोर त्या झोळीत गेलं आणि घसा फोडून बाहेर आलं. रीनाचा अंकुश तेवढा झोळीत पडला, एक जांभई दिली आणि गाढ झोपला.

रीनाला हसू आलं. मोहफुलांचे दिवस. पहाटेच रानात जायचं, मोहाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, पोराला तिच्यात टाकायचं आणि एका हाताने झोका देत दुसऱ्याने फुलं वेचायची. अंकुशला झोळी म्हणजे घरच.

"वाढलं वं रीना, वजन!" अंगणवाडीच्या इंदुताई काट्याकडे बघत म्हणाल्या.

"मंग? वाटीभर खिचडी एकटा खाते माहा पोरगा," रीना तोऱ्यात म्हणाली.

तालुक्याहून तपासणीला आलेल्या दिव्यानी मॅडम मात्र काट्याकडे बघत नव्हत्या. त्या पोराकडे बघत होत्या. त्यांनी त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवला. तळपायावर टिचकी मारली. अंकुशने पाय आखडून घेतला, डोळे काही उघडले नाहीत.

"नऊ महिन्यांचं बाळ इतकं शांत नसतं," त्या म्हणाल्या. "फार सुस्त वाटतंय."

"सुस्त नाई मॅडम, झोपून राह्यला थो."

"एवढ्या गोंगाटात?"

"मोहाखाली काय कमी गोंगाट राह्यते? बाया, कुत्रे, माकडं..."

मॅडम हसल्या नाहीत. "झोप वेगळी, गुंगी वेगळी. काढा त्याला. गाडी आहेच, आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवून घेऊ."

न्यायचंच असेल तर रीना मोहफुलं वेचणं टाकून जाईल, त्याचं काही नव्हतं. पण आपलं पोर आपल्यालाच कळलं नसेल तर? ती त्याला काढायला वाकली आणि तिची नजर स्वतःच्याच डाव्या हातावर गेली.

हात झोळीच्या दोरीवर होता आणि झोका देत होता. पुढे, मागे. कधीपासून, कुणास ठाऊक! तिने हाताला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही तिला विचारलं नव्हतं.

"मॅडम, एक मिनिट थांबा," ती म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.

झोळी मंदावली. मग थांबली. अंकुशच्या कपाळाला आठी पडली. खालचा ओठ हळूच पुढे आला. आणि मग त्याने असं भोकाड पसरलं की मघाशी कशीबशी गप्प झालेली पोरंही पुन्हा सुरू झाली. मुठी आवळून, पाय झाडून, डोळे वटारून त्याने सगळ्यांचा समाचार घेतला. काटा वरखाली नाचायला लागला.

मॅडम दचकून मागे सरल्या आणि मग खळखळून हसल्या. "बापरे! याला कुठेच न्यायचं नाही."

"अवो, घे ना मंग त्याले!" इंदुताई कानावर हात ठेवत ओरडल्या. "काऊन उभी आहेस?"

रीनाचे डोळे भरून आले होते. तिने हाताची घडी घातली.

"रडू द्या ना ताई," ती म्हणाली. "मॅडमले चांगलं आयकू द्या."