सातवं गाणं

दोरी सैल पडली. गाणं सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं.

बाईंनी पुन्हा हात वर केले आणि बालवर्गाला ओढायची खूण केली. बावीस मुलं, सर्वांत लहान पावणेचार वर्षांचं. दोरीच्या टोकाला एक रिकामं खोकं बांधलं होतं, ती होडी. गोष्ट बाईंनी आधीच रंगवून सांगितली होती. दूरच्या एका किनाऱ्यावर मच्छीमार दमून परततात आणि गात गात होडी वाळूवर ओढून घेतात.

गाणंही तिथलंच होतं. बाईंचा धाकटा भाऊ जहाजावर मेकॅनिक होता. बंदराबंदरात ऐकलेली गाणी फोनवर रेकॉर्ड करून तो ताईला पाठवायचा, सोबत यादी. यादीत लिहिलं होतं, सातवं: होडी ओढण्याचं गाणं. त्या भाषेतला एक शब्दही खोलीत कुणाला येत नव्हता.

मागच्या बाकावर मोठ्या बाई बसल्या होत्या, यादीची प्रत मांडीवर घेऊन. शाळा त्यांची, आणि बुधवारचा हा जगभरच्या गाण्यांचा तास त्यांना पहिल्यापासून खटकत होता. मुलं अंक कधी गिरवणार, असं पालक विचारत. आजचा तास बघते आणि ठरवते, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

पहिल्या चार ओळी मुलांनी जोर लावला. मग एकेक हात ढिला होत गेला. वर्गातला सर्वांत दांडगट मुलगा, ज्याला बाई कौतुकानं बुलडोझर म्हणत, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. आणखी दोघं खाली बसले. एकीनं अंगठा तोंडात घातला. दोन वेण्यांची मुलगी दोरी सोडून खोक्याजवळ गेली आणि त्यावर हलकेच थोपटू लागली.

“ओढा ना, होडी पाण्यातच राहील,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला.

मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला ना, बाई. होडीत बाळ आहे.”

गोष्टीत बाळ नव्हतंच. पण कुणी हसलं नाही. मुलांनी दोरी पुन्हा उचलली आणि खोकं इतकं सावकाश ओढलं, की फरशीवर त्याचा आवाजही झाला नाही.

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. जाता जाता म्हणाल्या, जोर लावायचं गाणं मुलं पेंगत ऐकतात, म्हणजे त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळा सुटल्यावर वेळापत्रक बदलून टाकू.

दुधाच्या सुट्टीत बाईंनी भावाला लिहिलं, तुझ्या मच्छीमारांनी माझा तास बुडवला. उत्तर शाळा सुटताना आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तशाच ऑफिसात गेल्या.

मोठ्या बाईंसमोर वेळापत्रक पसरलेलं होतं, शेजारी वही आणि यादी. पेन बुधवारच्या चौकटीवर टेकलेलं. बाईंनी फोन पुढे धरला.

‘ताई, माझाच घोळ. यादीत सात आणि आठ उलटे पडले. होडीचं आठवं. सातवं अंगाई आहे. धक्क्यावर एक आजी नातीला झोपवत होती.’

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी पेनला टोपण लावलं.

“बावीसच्या बावीस जणांना कळलं,” त्या म्हणाल्या.

“मग आपल्या दोघींनाच कसं नाही कळलं?”

मोठ्या बाईंनी यादी उचलली आणि टेबलावर पालथी ठेवली.

“आपल्याला वाचता येतं ना.”