सोललेले बदाम

रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलायचं काम सासऱ्यांचं. आजारपणात बोटं आखडली तेव्हापासून घरात त्यांच्याकडे एवढंच काम उरलं होतं, म्हणून सूनही कौतुक करायची, "बाबा, तुमच्यासारखे गुळगुळीत बदाम कुणाला सोलता येत नाहीत हं."

आज ती चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. सासऱ्यांनी एक बदाम तोंडात टाकला, दातांनी त्याची साल काढली, ती बशीत थुंकली आणि लाळेने चकाकणारा बदाम वाटीत ठेवला. तिच्या वाटीत.

तिने बेसिनपाशी जाऊन पुन्हा पुन्हा चूळ भरली तरी किळस जाईना.

"शी, बाबा. इतके दिवस आम्ही हे उष्टं खात होतो?"

"नखांत जोर राहिला नाही गं आता," ते खाली मान घालून म्हणाले.

"मग सांगायचं ना तसं. उद्यापासून बदामांना हात लावायचा नाही तुम्ही."

त्यांनी वाटी पुढे सरकवली.

तेवढ्यात चार वर्षांची नात धावत आली. गालात कधीचा घोळवत ठेवलेला बदाम तिने चिकट बोटांनी बाहेर काढला आणि "आई, आ कर," म्हणत आईच्या तोंडात कोंबला. आईने तो मिटक्या मारत खाल्ला आणि लेकीचा गोड पापा घेतला.



मान वर करून बघते तो, आपण काही पाहिलंच नाही असं दाखवत सासरे खिडकीबाहेर बघत होते.