आठ बोल्टांची रिंग

१३ नोव्हेंबर २०१९, सायंकाळी ४.४०, इंडियानात कोल्टनच्या कोठारासमोर तेवीस माणसे. गावच्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळण्याचा शब्द मोडून त्याने दुपारी भरसभेत परक्या कॉलेजची टोपी चढवून तिकडे जायचे जाहीर केले होते. “गद्दारा, बाहेर ये!” कुणीतरी खिडकी फोडली. कोल्टन नऊ वर्षांचा असताना कोठारावरच्या फळीला वेल्डर एलरॉयने आठ बोल्टांनी बास्केटची रिंग बसवली होती. ती उखडण्याचा मानही जमावाने एलरॉयलाच दिला. हातोड्याने ती हलेना, म्हणून त्याने तिला साखळीने ट्रॅक्टर जोडला. कोल्टन धावत आला, उडी मारून रिंगेला लोंबकळला. “एलरॉयकाका, एवढी तरी ठेवा!” “टोपी बदललीस तेव्हा काका नाही आठवला?” “ओढ म्हाताऱ्या, थांबलास कशाला?” मागून कुणीतरी ओरडले. जमाव खिदळला. एलरॉयने गियर टाकला. फळी निखळली; साखळीत उजवा हात अडकलेला कोल्टन कोसळला. आठही बोल्ट शाबूत राहिले. मनगट दोन ठिकाणी मोडले.